सहासष्ट तीनदा

नाशिक,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. विशेष हे, की तुझ्या नातवाचं काहीही चुकलेलं नाही.

तू पाठवलेला फोटो पाहिला. लॅपटॉपवर आपल्या जुन्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणकाचा तो पांढरा पडदा आणि तळाशी एक ओळ, 'ई आऊट ऑफ डेटा', म्हणजे आकडे कमी पडले. पोरानं आपण दोघांनी लिहिलेल्या मराठी पुस्तकातली देवनागरी अक्षरांची आज्ञावली जशीच्या तशी टाइप केली, तीनदा ताडून पाहिली आणि शेवटी 'आजोबा, तुमचं पुस्तक खोटं आहे' म्हणाला. खरंय त्याचं. उत्तर व्हॉट्सअॅपवर एका ओळीत देता आलं असतं, पण त्या ओळीच्या मागे एवढं काही निघालं की मी सरळ फुलस्केप घेऊन बसलो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अक्षर मोठं येतं, सांभाळून घे.

तुझ्या मामांनी विलायतेहून ते यंत्र आणलं तेव्हा १९८५ चा पावसाळा होता. तुम्ही तेव्हा भद्रकालीत राहायचात. मी सातपूरचं ड्रॉइंग ऑफिस सुटलं की सायकलनं थेट तुमच्याकडे. रबरी बटणं, एकेका बटणावर पाच-पाच शब्द, ४८ के मेमरी, त्यातले ६९१२ बाइट एकटा पडदाच खायचा. त्याचा पडदा म्हणजे तुमचाच टीव्ही, त्यामुळे रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की अख्खी आळी ओटीवर आणि आपला सिंक्लेअर पलंगाखाली. आज्ञावल्या कॅसेटवरून यंत्रात भरायच्या; कॅसेट प्लेअरच्या हेडचा स्क्रू पिळून पिळून त्याची खाच गेली होती. आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, ती किंचाळी, पाच मिनिटं कोणी शिंकायचंसुद्धा नाही, आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. तुझी आई म्हणायची, एवढा वेळ जप केला असतात तर देव प्रसन्न झाला असता.

यंत्राबरोबर जे पुस्तक आलं होतं त्यानंच आपल्याला बिघडवलं. ते स्टीव्हन व्हिकर्स यांचं, आणि रॉममधली, म्हणजे यंत्रात कायमची कोरलेली, बेसिक भाषा बऱ्याच अंशी त्यांनीच लिहिलेली. ज्यानं यंत्राला बोलायला शिकवलं त्यानंच माणसांना समजावून सांगितलं होतं. आपण ते पाठ केलं. आणि मग, डोक्यात काय शिरलं कोण जाणे, आपण ते मराठीत सांगायला निघालो.

प्रकाशकाचा पहिला प्रश्न आठवतो? "नाशकात ही यंत्रं आहेत किती?" तू पापणी न हलवता म्हणालास, "पुढच्या वर्षी घरोघरी असतील." लेका, तेव्हा मला ठाऊक असलेली यंत्रं एका हाताच्या बोटांवर मावत होती. डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावानं इथंच परवान्यावर बनवलेला स्पेक्ट्रम नुकताच यायला लागला होता, पण मध्यमवर्गीय बाप तेवढ्या पैशांत आधी फ्रिज बघायचा. १९८४ साली केंद्र सरकारनं शाळांत संगणक शिकवायची क्लास योजना काढून शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले होते. एका शाळेत आपण ते बघायला गेलो होतो, तर चपला बाहेर, पडदे लावलेले, यंत्रांवर गुलाबी झालरीची आच्छादनं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. मुलांना दुरून दर्शन. एवढा छान संगणक, त्याच्या बेसिकमध्ये प्रोसिजर, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा बोलावता येणारे आज्ञांचे तुकडे, होत्या, थेट यंत्रभाषेत लिहायचा असेंबलर आतच होता, आणि तो गाभाऱ्यात बसवलेला.

म्हणजे आपला वाचक असा, की त्याच्याकडे यंत्र नाही, मिळण्याची शक्यता नाही, आणि तरी त्याला ते शिकायचंय. मला आजही वाटतं, त्या पुस्तकात जे काही बरं होतं ते या अडचणीमुळे होतं. 'बटण दाबा आणि बघा काय होतं' असं लिहायची सोयच नव्हती. काय होतं ते आपणच कागदावर घडवून दाखवायचं. प्रत्येक आज्ञावलीखाली 'वहीत चालवून बघा' हा तुझा आग्रह. वर चलांची नावं, डावीकडे ओळींचे क्रमांक, आणि प्रत्येक पायरीला कोणत्या चलात काय आहे ते रकान्यात लिहीत जायचं. मी कुरकुरत होतो, पानं वाढतात म्हणून. माझं चुकलं होतं.

आणि ते शब्दांवरून झालेले तंटे! 'व्हेरिएबल'ला शाळेच्या बीजगणितातला 'चल' आयताच मिळाला. 'पीक' म्हणजे मेमरीच्या खणात डोकावणं आणि 'पोक' म्हणजे खणात टाकणं, हेही जमलं. घोडं अडलं ते 'लूप'पाशी, म्हणजे त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्यापाशी. तू 'आवर्तन' म्हणायचास, मी 'फेरा'. तुझ्या आवर्तनाला तबल्याचा वास येत होता आणि माझ्या फेऱ्याला चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा. तात्यासाहेब शिरवाडकर याच गावात राहतात, त्यांनाच शब्द विचारू, असं ठरवून आपण दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा मिसळ खाऊन परत आलो. ज्यांना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं त्यांना 'फॉर-नेक्स्ट'चा लूप समजावून सांगायची छाती झाली नाही. शेवटी 'लूप'च छापलं.

पण एक गोष्ट आपल्याला व्हिकर्स साहेबांपेक्षाही चांगली साधली असं मी अजून म्हणतो. पडद्याची मेमरी. १६३८४ पासून ती सुरू होते. पहिली ३२ घरं म्हणजे पडद्याची सगळ्यात वरची रेघ. पुढचं घर, १६४१६, लगेच खालच्या रेघेत असायला हवं ना? ते असतं आठ रेघा खाली. दुसऱ्या रेघेला जायचं तर पत्त्यात २५६ मिळवायचे. शिवाय पडद्याचे आडवे तीन भाग, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. वाचणाऱ्याला भोवळच. तेव्हा तू लिहिलंस, की जुन्या नाशकात पोस्टमन नवा आला की त्याचं हेच होतं. घर नंबर चौदाच्या शेजारी पंधरा नसतो, पंधरा सापडतो बोळाच्या पलीकडे, कारण नंबर घरांच्या रांगेनं नव्हे तर वाडे ज्या क्रमानं नोंदले त्या क्रमानं पडलेत. इथंही क्रमाला कारण आहे. एका अक्षराच्या आठ रेघा काढताना दर वेळी नुसते २५६ मिळवायचे, म्हणजे पत्त्याचा वरचा बाइट एकानं वाढवायचा, आणि ते काम स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड-८० झटक्यात करतो. तो परिच्छेद मी परवा पुन्हा वाचला. त्यातलं एक अक्षर आज बदलणार नाही.

आता मुद्द्याचं. म्हणजे अक्षरांचं प्रकरण.

स्पेक्ट्रमवर स्वतःची २१ चिन्हं काढता यायची, प्रत्येक आठ बाय आठ चौकोनांचं. आपण त्यात देवनागरी बसवायला निघालो. वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीत, उकार खालच्या ओळीत, आणि शिरोरेषा म्हणजे २५५, आठही चौकोन भरलेले, त्यामुळे ती एका अक्षरातून दुसऱ्यात अखंड जायची. ती सलग रेघ पहिल्यांदा पडद्यावर उमटली तेव्हा तू मला मिठी मारली होतीस. ग्राफपेपर माझ्या ऑफिसचा. (साहेबांना ठाऊक होतं. बोलले नाहीत.) अक्षराच्या दर आडव्या रेघेला एक आकडा, म्हणजे २१ अक्षरांचे आठ-आठ असे १६८ आकडे, आज्ञावलीतल्या डेटाच्या ओळींत.

छपाई रविवार कारंजाजवळच्या त्या अंधाऱ्या छापखान्यात, खिळ्यांवर. ऑफसेट परवडत नव्हतं. कंपोझिटर काका मराठी मजकूर झोपेत जुळवायचे, पण इंग्रजी आकड्यांचे खिळे त्यांच्याकडे मोजकेच. आपली आकड्यांची पानं बघून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हा मटक्याचा चार्ट आहे का?" आणि झालं असं, की म च्या ओळीपाशी सहाचे खिळे संपले. २५५, मग ६६ तीनदा, मग १२६. काकांनी दोनदा ६६ बसवलं, तिसऱ्याची जागा आधी छापलेल्या पानांचा फॉर्म सुटून खिळे मोकळे झाले की भरू म्हणून सोडली, आणि नंतर ओळ ताणून ती जागा नाहीशी झाली. १६८ चे १६७ झाले. मुद्रितं तू तपासलीस. मीही तपासली असं मी तेव्हा सांगितलं होतं. खरं तर मी फक्त प्रस्तावना वाचली होती. हे आज कबूल करतो, आता तू माझं काय करणार?

पुस्तक १९८८ त आलं, ११०० प्रती. ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांची पोस्टकार्डं आली, बहुतेक शिव्यांची. पुण्याच्या एका गृहस्थांनी शेवटी एक शून्य वाढवून चूक गप्प केली आणि नम्रपणे विचारलं, की यानंतर शेवटची काही अक्षरं अधोरेखित येतात, ते तसंच अपेक्षित आहे का? आपण दोघं हसून लोळलो होतो. म नंतरचं सगळं एकेक घर वर सरकलं होतं ना, म्हणून म च्या पायाखाली य ची शिरोरेषा, य च्या पायाखाली र ची.

पण चूक नेमकी सांगितली ती लासलगावच्या त्या पोरानं. नववीतला. पाकिटात घडी घातलेला शाळेचा ग्राफपेपर, त्यावर लाल पेन्सिलीनं रंगवलेली आपली एकवीसच्या एकवीस अक्षरं. प्रत्येक आकडा १२८, ६४, ३२ असा फोडून त्यानं हातानं चौकोन भरले होते. खाली लिहिलं होतं, की बाकी अक्षरांची काठी आठ घरांची आहे, म ची सात, तेव्हा ६६ आणखी एकदा हवं असं वाटतं; मी संगणक अजून पाहिलेला नाही, म्हणून चूक माझीही असू शकेल. तो कागद माझ्याकडे आहे. बाकीचं बरंच काही रद्दीत गेलं, माझ्या लेखकप्रती धरून, पण तो कागद एलआयसीच्या पॉलिसीबरोबर ठेवलाय.

दुसरी आवृत्ती निघालीच नाही, म्हणून दुरुस्तीही राहिली. मग पीसी आले, आणि प्रकाशकाला हवी होती 'कोणता मेनू, कोणती कळ' छाप पुस्तकं. तशी दोन मी लिहिली, तुला न विचारता. पैसे बरे मिळाले. ती लिहिताना मला कंटाळा आला होता, कारण आत काय चाललंय हे मलाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारणारही नव्हतं. एसटीचं वेळापत्रक लिहिल्यासारखं वाटायचं, नवीन वेळापत्रक आलं की जुनं भिंतीवरून काढायचं. स्पेक्ट्रममध्ये शून्यापासून ६५५३५ पर्यंत कुठल्याही घराचं दार वाजवलं तरी आत कोण राहतं ते तुला किंवा मला सांगता यायचं. तसं यंत्र पुन्हा भेटलं नाही. किंवा भेटलं असेल आणि मीच म्हातारा झालो होतो.

तर नातवाला सांग, ओळ २४०. त्यातल्या २५५ नंतर ६६ तीनदा हवं, मग १२६. एवढं केलं की म पायावर उभा राहील आणि खालची सगळी मंडळी आपापल्या घरी जातील.

आणखी एक, हे फक्त तुझ्यासाठी. भ आपण चुकीचाच काढला होता. शिरोरेषा मध्ये तोडायला विसरलो आणि सरळ २५५ ठोकलं, त्यामुळे तो म सारखाच दिसतो. लासलगावच्या पोरानंही ती चूक दाखवली नव्हती, किंवा सापडूनही भिडेखातर बोलला नसेल. नातवाला सांगू नकोस. बघू त्याला सापडतो का.

सौ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लेखकमहाशय