धोंडा कोणी पाडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थपुरवणीतला अमेरिकी निवृत्ती योजनांवरचा लेख वाचला. बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवून ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला’, असे लेखकमहाशय म्हणतात. एवढ्या अधिकारवाणीने लिहिणाऱ्याने ‘४०१-के’चे, म्हणजे पगारातून पैसे कापून गुंतवणाऱ्या तिथल्या निवृत्ती योजनेचे, स्टेटमेंट एकदा तरी हातात धरले असेल, अशी माझी आपली भाबडी समजूत.

मी धरले आहे. २००१ मध्ये मी न्यू जर्सीत एका टेलिकॉम कंपनीत होतो. पगारातून कापलेले पैसे कुठे गुंतवायचे हे मी ठरवी. कंपनी तिचा हिस्सा मात्र स्वतःच्याच शेअरच्या रूपात देई आणि वयाची ५५ वर्षे होईपर्यंत तो विकायला बंदी. मी तेव्हा ४६ चा. दर तिमाहीच्या कागदावर त्या शेअरपुढे एक चांदणी असे आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात तिचा खुलासा. वर्षभरात त्या ओळीतली पाच आकडी रक्कम तीन आकडी झाली. चांदणी जागच्या जागी! पुढेपुढे पाकीट आले की बायको ते न फोडताच फ्रीजवर ठेवून देई.

एन्रॉनमध्ये तरी वेगळे काय होते? कंपनीने दिलेले शेअर पन्नाशीपर्यंत विकता येत नव्हते. सप्टेंबर २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख केनेथ ले कर्मचाऱ्यांना सांगत होते, शेअर स्वस्तात मिळतोय. पुढे योजनेची व्यवस्था बदलायची म्हणून ऐन घसरणीत काही दिवस व्यवहारच बंद. २ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज. लोकांनी स्वतःचे पैसेही त्यात घातले, हे मान्य. पण कुलूप मालकाचे आणि धोंडा आमचा, हा कुठला न्याय?

कायद्याने दाद मागता येते, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. कंपनीचा हिस्सा तीन वर्षांच्या नोकरीनंतर दुसरीकडे वळवण्याचा हक्क मिळाला तो २००६ च्या कायद्याने, आमची राख झाल्यावर. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा योजनांच्या विश्वस्तांना मिळणारे झुकते माप काढून घेतले खरे, पण आतली माहिती दडवल्याचा आरोप करायचा तर विश्वस्तांनी दुसरे काय करायला हवे होते हे कर्मचाऱ्यानेच सांगायचे. तेही असे, की त्याने योजनेचे भल्यापेक्षा नुकसानच अधिक होईल, असे शहाण्या विश्वस्ताला वाटले नसते. घ्या! आमच्या सामूहिक दाव्याचा चेक मला बऱ्याच वर्षांनी पुण्यात मिळाला. २१२ डॉलर.

आणि ‘४०१-के म्हणजे अमेरिकेतला पीएफ’ हे कोणी सांगितले? आपल्याकडे पीएफ स्वतःच सांभाळण्याची सूट मिळालेल्या कंपन्यांच्या पीएफ ट्रस्टला गुंतवणुकीत खोट आली, तर ती मालकाने भरून द्यायची असते. वसुली होते की नाही तो भाग वेगळा, पण नियम तरी आहे. ‘४०१-के’त शेअर पडला की तोटा ज्याचा त्याने सोसायचा. मग हा पीएफ कसा?

जाता जाता, लेखातले हे पीएफचे वाक्य ज्या चौकटीत आहे तिची छपाई फिक्या गुलाबीवर पांढरी आहे. आमच्या वयाच्या वर्गणीदारांनी ती वाचू नये, असाच हेतू असेल तर तसे कळवावे.

— एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे