छापील कवळीसोबत रेझिनची नोंदही हवी

मा. संपादक,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत 'डिजिटल कवळी'च्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. तोंडाचे माप स्कॅनरने घ्यायचे, आराखडा संगणकावर करायचा आणि कवळीचा पाया, म्हणजे हिरडीवर बसणारा गुलाबी भाग, एक तर ॲक्रिलिकच्या तयार चकतीतून यंत्राने कोरायचा, नाही तर रेझिनचा, म्हणजे द्रवरूप प्लास्टिकचा, एकेक थर प्रकाशाने घट्ट करत थ्री-डी प्रिंटरवर छापायचा, अशी ही रीत आहे. तिला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दोन-तीन फेऱ्या वाचतात, हेही थोडे नाही. मात्र कवळी ढिली झाल्यावर काय करायचे, याबद्दल या पाट्यांवर आणि बहुतेकदा पाट्यांच्या आतही कोणी बोलत नाही.

कवळी ढिली होणे हा कोणाचा दोष नव्हे. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते; पहिल्या वर्षी ते सर्वांत वेगाने झिजते आणि खालच्या जबड्यात ही झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. अशा वेळी नवी कवळी न करता आतल्या बाजूने नव्या साहित्याचा थर देतात, त्याला आम्ही रिलाइन करणे म्हणतो. पावडर-लिक्विड कालवून गरम पाण्यात पक्क्या केलेल्या जुन्या धाटणीच्या कवळीवर हा ॲक्रिलिकचा थर चांगला धरतो, कारण लिक्विडमधला मोनोमर (ॲक्रिलिकचे अजून न जोडलेले सुटे रेणू) पायाच्या पृष्ठभागात मुरून तो किंचित फुगवतो आणि नवे ॲक्रिलिक जुन्यात गुंतून बसते. यंत्राने कोरलेली कवळीही मुळात त्याच जातीच्या ॲक्रिलिकची असल्याने तेथे फारसे अडत नाही. अडते ते छापलेल्या कवळीपाशी. तिच्या रेझिनमधल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात, त्यामुळे मोनोमरला आत शिरायला वाव कमी मिळतो, आणि अनेक प्रयोगशाळेतील चाचण्यांत अशा पायावरची पकड कमी भरलेली आहे. मऊ सिलिकॉनचा थर तर ॲक्रिलिकलाही आपणहून चिकटत नाही, त्याला आधी प्रायमर, म्हणजे जोड धरवणारे द्रावण, लावावा लागतो. तो प्रायमर छापील रेझिनवर तितकाच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

मध्यंतरी एका आजींची खालची कवळी माझ्या हाती आली. दुसरीकडे कुठे तरी दिलेला मऊ थर जिभेकडच्या कडेने सुटला होता. नख लावताच तो अखंड निघून आला आणि खालचा गुलाबी पाया जसाच्या तसा गुळगुळीत दिसला. थर स्वतः कमजोर असता तर तो मधूनच फाटला असता आणि त्याचे तुकडे पायाला धरून राहिले असते. येथे साहित्य शाबूत होते, जोडच झाला नव्हता. फटीत दादर ज्वारीच्या भाकरीचे कण आंबले होते, हिरडी लाल झाली होती. 'डॉक्टर, नवी कवळी शे, तरी वास येस,' ही त्यांची तक्रार अगदी खरी होती, कारण अशा फटीत बुरशीला आयते घर मिळते. कवळी छापलेली आहे एवढे कळले; रेझिन कोणते, हे ना त्यांना ठाऊक होते, ना जेथे ती बसवली तेथे. काम बाहेरगावच्या लॅबकडून आले होते.

रेझिन कळले तर मार्ग निघतो. ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करता येतो, योग्य द्रावण लावून ठरलेला वेळ थांबता येते, आणि त्या रेझिनसाठी उत्पादकाने सुचवलेले रिलाइनचे साहित्य मागवता येते. न कळल्यास अंदाजाने काम करावे लागते, आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हात थंड न ठेवलेल्या खोलीत पावडर-लिक्विड इतके लवकर घट्ट होते की अंदाज तपासायलाही सवड उरत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, प्रत्येक कवळीसोबत रुग्णाच्या हाती एक लेखी कार्ड द्यावे. पाया कोरलेला की छापलेला, रेझिनचे नाव व बॅच क्रमांक, लॅबचे नाव आणि रिलाइनसाठी उत्पादकाची सूचना, एवढा मजकूर त्यावर पुरे. राज्य दंत परिषदेने हे बंधनकारक करावे. ज्येष्ठ नागरिकांना शिबिरांतून साधने देणाऱ्या, २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतील साहाय्यक साधनांत कवळीचाही समावेश आहे. तेथेही हाच नियम लागू व्हावा, कारण शिबिर उठून गेल्यावर लाभार्थी जवळच्याच दवाखान्यात येतो. याला लॅबचा खर्च छापील कागदापलीकडे काही नाही.

संगणकातली फाइल आहे, हवी तेव्हा नवी कवळी छापून देऊ, असे यावर सांगितले जाते. फाइल जपावीच, पण ती जुन्या हिरडीची असते. झिजलेल्या हिरडीचे माप ढिल्या कवळीतच नव्याने घेऊन ते स्कॅन केल्याशिवाय त्या फाइलवरून छापलेली कवळीही तितकीच ढिली निघेल.

आपला विश्वासू,
एक दंतवैद्य, अमळनेर