तुझ्या हातचा कपॅसिटर

प्रिय ओहम्या,

दीड वर्ष तुला पत्र नाही. रागावलास तर हक्क आहे तुझा. माझा गुडघा बरा आहे, माईंचंही ठीक चाललंय. आज लिहायला बसलो कारण आपल्या डाव्या स्पीकर बॉक्समधला कर्णा, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, गेला, आणि घरात कुणाला सांगितलं की "नवीन स्पीकर घे" एवढंच ऐकू येतं.

गेला म्हणजे डायफ्रॅम, आवाज काढणारा पातळ पडदा, तडकला. टायटॅनियमच्या घुमटाला कडेशी केसाएवढी चीर. मागचं झाकण उघडलं, चिकटपट्टी दुमडून चुंबकाच्या गॅपमध्ये फिरवली आणि धूळ काढली (तुझीच पद्धत), नवा डायफ्रॅम खुंट्यांवर बसवला, कॉइल कुठे घासत नाही ना ते हळू आवाजात सूर चढवत चढवत ऐकलं. सगळं स्वच्छ. मग एका बाईच्या एकट्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं, आणि ती मधोमध उभीच राहीना! "आ" लावला की डावीकडे सरकायची, "स" आला की उजवीकडे.

दोन रात्री पोलॅरिटी आणि वायरी तपासण्यात गेल्या. मल्टिमीटर लावला तो शेवटी. उजवीकडे ५.८ ओहम, डावीकडे ११.३ (मीटरवर आकडा नावापेक्षा कमीच येतो). आठ ओहमच्या जागी मी सोळा ओहमचा डायफ्रॅम बसवला होता. दिसायला सख्खी भावंडं: व्यास तोच, खुंट्यांची भोकंही तीच. मागवताना ओहमचा आकडा मीच नीट वाचला नव्हता.

तू म्हणायचास, क्रॉसओव्हरला (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या फिल्टरला) स्पीकरचं नाव कळत नाही, ओहम कळतात. नुसता एक कपॅसिटर असता तर छेद, म्हणजे सूर जिथे वाटले जातात ती जागा, १५०० हर्ट्झवरून थेट ७५० वर उतरला असता. आपल्याकडे ४.७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पॅरललला आणि मागून १.२ मिलिहेन्रीची कॉइल आहे, त्यामुळे छेद जागेवर राहिला, पण लगाम सुटला. क्यू, म्हणजे छेदापाशी फिल्टर किती उसळतो तो आकडा, ०.७ चा १.४ झाला. १७०० हर्ट्झच्या आसपास साडेतीन डीबीचा (डेसिबलचा) उंचवटा, आणि त्याच्या बराच वर गेलं की त्याच व्होल्टेजला सोळा ओहम निम्मीच पॉवर घेतो म्हणून तीन डीबी कमी. म्हणून तिचा स्वर डावीकडे, "स" उजवीकडे.

आता ते भांडण. चार ओहम सिरीजला, आठ ओहम पॅरललला, असा एल-पॅड (कर्ण्याचा आवाज उतरवणारी रेझिस्टरची जोडी) हवाच म्हणून तू हटून बसला होतास. मी म्हणत होतो, चांगली पॉवर रेझिस्टरमध्ये जाळायची नाही. तीन आठवडे आपण धाकट्यामार्फत बोललो, आणि त्या लबाडाने निरोपागणिक दोघांकडून चॉकलेट उकळलं! तो पॅड असता तर आज फिल्टरला आठऐवजी सव्वानऊ ओहम दिसले असते. कानाला फरक बराच कमी कळला असता. तुझं बरोबर होतं, ओहम्या. कर्णे तेव्हापासून थोडे जास्तच जोरात बोलतात, हेही.

आठ ओहमचा आता मिळत नाही, सगळीकडे विचारून झालं. सोळाच्या डायफ्रॅमला सोळा ओहमचा रेझिस्टर पॅरललला टाकला तर फिल्टर खूश होईल, पण निम्मी पॉवर उष्णतेत जाईल, आणि ते मला अजूनही बघवत नाही. दुसरा मार्ग सरळ आहे. दोन कपॅसिटरपैकी एक काढायचा आणि कॉइलच्या सिरीजला तशीच दुसरी जोडायची, थोडी लांब आणि काटकोनात, म्हणजे दोघी एकमेकींत बोलणार नाहीत. छेद तोच, क्यू पुन्हा ०.७. उजवीकडेही सोळाचाच बसवून हेच करावं लागेल. दोन्ही कर्णे तीन डीबी खाली येतील, म्हणजे तुझ्या पॅडने जे सहा डीबी उतरले असते त्याच्या निम्म्यापर्यंत.

गणित सुटलंय. अडलंय ते सोल्डरपाशी. त्या कपॅसिटरच्या पायांवर नानांच्या खोलीतलं तुझं सोल्डर आहे, अजून चकचकीत. बोर्डाच्या मागे तुझ्या अक्षरात पेन्सिलीने "चालू आहे, हात लावू नये" असं लिहिलंय. सोल्डरिंग गन दोनदा तापवली आणि दोनदा बंद केली. तुला न विचारता हात होत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. लेकीचा निकाल ताईकडून कळला, तिला शाबासकी दे, सविस्तर नंतर.

काढू का ते कळव. तोवर डावा बॉक्स बंद ठेवलाय.

तुझाच,
कर्ण्या

ता.क. : हो म्हणालास तर काढलेले दोन्ही कपॅसिटर पाकिटात घालून तुला पाठवीन. पायांवरचं सोल्डर तसंच ठेवून.