साखर कोणी उतरवली आणि आळ कोणावर?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला बारीक करणाऱ्या इंजेक्शनांवरचा लेख वाचला. सगळा मजकूर वजनाबद्दल. ज्या टाइप टू मधुमेहींसाठी ही औषधं आधी बाजारात आली, त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य, आणि तेही 'साखर झपाट्याने खाली खेचणारं जहाल औषध' असं. हे वर्णन चुकीचं आहे. त्या गैरसमजाचे परिणाम आमच्या घरात आम्ही भोगले आहेत, म्हणून राहवत नाही.

माझी थोरली बहीण बरीच वर्षं मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडच्या गोळीवर होती. गेल्या वर्षी तिला लेखातल्या त्या इंजेक्शनांपैकीच एक, सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. गोळी होती तशीच ठेवली. तिचा डोस कमी करायचा का, हा विषय ज्यांनी काढायला हवा होता त्यांनी काढला नाही. इंजेक्शनचा डोस वाढल्यानंतर एका रात्री ताईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. साखर मोजली तर ५४. साखरेचं पाणी पाजल्यावर ती हळूहळू सावरली. नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "अगं, पेपरात येतं ना, ती इंजेक्शनं फार जहाल असतात." ताई घाबरली आणि तिने इंजेक्शन सोडलं. गोळी मात्र चालू ठेवली! जिच्यामुळे साखर उतरली होती ती घरात राहिली.

जेवल्यावर आपल्या आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सोडतात. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, पण रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच. साखर खाली आली की हा जोर आपोआप ओसरतो. शिवाय यकृताला साखर सोडायला लावणारं ग्लुकॅगॉन ते आवरून धरतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचवतं. वजन उतरतं ते मुख्यतः भूक कमी झाल्यामुळे. शरीरातलं हे हॉर्मोन एक एन्झाइम दोनेक मिनिटांत मोडून टाकतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण रचना अशी बदललेली की ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून टिकते आणि आठवड्याला एकच इंजेक्शन पुरतं. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. साखर वाढलेली असो वा नसो, ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. म्हणून ही दोन्ही बरोबर देताना गोळीचा डोस कमी करण्याचा विचार करावा, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. इन्सुलिन चालू असेल तर त्याच्या डोसचंही तेच, फक्त ते कोणी आपल्या मनाने बंद करू नये. लेखात यातला एक शब्द नाही.

या वर्गातलं पहिलं औषध एक्सेनाटाइड. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना सापडलेल्या घटकावरून ते तयार झालं आणि २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मधुमेहासाठी. सेमाग्लुटाइडला तिथे मधुमेहासाठी २०१७ मध्ये आणि वजनासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या लेखात हा क्रम उलटा वाटतो.

या औषधांना त्रास नाहीत असं मी म्हणत नाही. मळमळ, उलट्या पुष्कळांना होतात, म्हणून तर ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असेल, घराण्यात थायरॉइडचा विशिष्ट कर्करोग असेल, डोळ्यांचा पडदा आधीच बिघडलेला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. लेखकाने ही यादी द्यायला हवी होती. तिथे सिनेतारकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो छापले आहेत.

ताईची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) पुन्हा नऊ टक्क्यांच्या वर गेली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहिल्या, गोळी थांबवली आणि इंजेक्शन पुन्हा सगळ्यात लहान डोसपासून सुरू केलं. तेव्हापासून एकदाही तिची साखर तशी उतरलेली नाही. मधले महिने फुकट गेले, याचा मला आजही संताप येतो.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात काचेची बाटली आणि सिरिंज आहे. ताईचं इंजेक्शन पेनमधून घेतात. ते चित्र पाहून कोणालाही हे इन्सुलिनच वाटेल. शिवाय पुरवणीतला मजकूर राखाडी पट्ट्यावर फिकट अक्षरांत छापलेला. मधुमेहाने ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनी तो कसा वाचायचा? दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पांढऱ्यावर काळ्या, ठळक अक्षरांत छापा आणि त्यात गोळीच्या डोसबद्दलचं वाक्य सर्वांत वर घ्या.

आपली,
एक नियमित वाचक