समूहात पीडीएफ टाकण्याबाबत सूचना

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंक बाजारात आले रे आले की त्यांच्या पीडीएफ इथे फिरू लागतात. परवा तर एका नव्या कादंबरीचं स्कॅन आलं; पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा दिसत होता! ती फाइल काढली आहे.

‘टेलिग्रामवर कोण बघतंय?’ असं काहींचं म्हणणं. स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेच्या नोट्स आणि व्हिडिओ अशाच चॅनलवरून वाटले जात होते. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आमचे सर्व्हर सिंगापूरला, तिथला गोपनीयतेचा कायदा आड येतो, हा टेलिग्रामचा बचाव ३० ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळला गेला. पुढे कंपनीने काही चॅनलचालकांची नावं, फोन नंबर, आयपी अ‍ॅड्रेस न्यायालयात मुकाट्याने दिले. टोपणनावाचा काही उपयोग झाला नाही.

जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं मूळ लेखन खुशाल टाका. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा चित्रं मात्र नकोत. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायचं.

‘पुस्तक कुठेच मिळत नाही’ ही सबब कायद्यात नाही. इथे विचारा, कुणाच्या तरी कपाटात प्रत निघतेच.

आपापल्या जुन्या फाइल रविवारपर्यंत काढून टाका. राहिलेल्या आम्ही काढू.

– समूहचालक