रणगाड्याला डोळे पायदळाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात (आजचा म्यानमार) ब्रिटिश-भारतीय सैन्य आणि जपानी यांच्यात झालेल्या मेकटिलाच्या लढाईवरचा (मार्च १९४५) आपला लेख आवडला, पण ‘घनदाट जंगलात रणगाड्यांनी एकहाती वाट काढली’ हे वाक्य खटकले. मेकटिला ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात, पर्जन्यछायेत येते. तीळ, कापूस, ज्वारी, काटेरी झुडपे आणि धूळ. मंगळवेढ्याकडचा माणूस तिथे बुजणार नाही. म्हणून तर २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडचे शेरमन रणगाडे तिथे मोकळे धावू शकले.

एकहाती मात्र मुळीच नाही. झाकणे लावली की शेरमनमधले पाचही जण जवळजवळ आंधळे होतात. गनरला (तोफ डागणाऱ्याला) दुर्बिणीत मावेल तेवढेच दिसते, लोडरला (गोळा भरणाऱ्याला) त्याहून कमी, आणि रणगाड्याला खेटून असलेली जमीन कोणालाच नाही. कमांडरने डोके बाहेर काढावे तर नेमबाज टपलेला. जपान्यांनी नेमके हेच हेरले होते. खड्ड्यात एक सैनिक बसायचा, मांड्यांत २५० किलोचा विमानी बॉम्ब, फ्यूज (बॉम्ब फोडणारी कळ) वर, हातात दगड. रणगाडा डोक्यावर आला की फ्यूजवर दगड हाणायचा. शेरमनचा पुढचा पत्रा ५० मिमीच्या वर, पण पोटाखाली मागच्या भागात जेमतेम १३. हे खड्डे वेळेत हुडकले ते सोबत चालणाऱ्या पायदळाने.

बंकर फोडण्याची रीत १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनारपट्टीत बसली, तीही रणगाडा-पायदळ या जोडीवरच. आधी साधा स्फोटक गोळा, त्याने वरचा झाडोरा उडतो. मग उशिरा फुटणारा, तो माती-ओंडक्यांत शिरून फुटतो. पायदळ बंकरच्या तोंडाशी आले की स्फोटक बंद, भरीव पोलादी गोळा सुरू. त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत, म्हणून शेवटच्या काही मीटरपर्यंत आतल्यांना डोके वर काढण्यापासून रोखता येते. इथे घाईत लोडरच्या हाती चुकीचा गोळा आला, तर आपलीच माणसे जखमी होतात. मला विचाराल तर सगळ्या लढाईतले सर्वांत अवघड काम हेच.

लेखात टँक रेजिमेंटांची नावे आहेत, तशी १७ व्या भारतीय डिव्हिजनच्या पायदळ पलटणींचीही द्यावीत. आणि अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सहल नेणाऱ्या शिक्षकांना विनंती, तोफेपाशी फोटो झाला की मुलांना वाकून पोटाखालचा पत्रा जरूर दाखवा.

आपला,
एक निवृत्त रणगाडा-प्रशिक्षक, सोलापूर