बाबा, आधी पूर्ण वाचा, मग आईला द्या

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, ठेवतो" म्हणाला असता आणि आई रात्रभर जागी राहिली असती, म्हणून लिहितेय. बँकेचा राजीनामा दिलाय. मंजूर पण झालाय. सप्टेंबरपासून इंग्लंडला स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स, वर्षभराचा. लोन झालंय, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही, हे आधीच सांगते.

स्पोर्ट्स कोट्यातली पर्मनंट नोकरी, त्यासाठी तुम्ही कुणाकुणाचे उंबरठे झिजवलेत, सगळं माहितीये मला. पण बाबा, चीनच्या टेबल टेनिस खेळाडू डेंग यापिंगचं नाव घेऊन घेऊन मला वाढवलं कोणी? उंची जेमतेम दीड मीटर, बुटकी म्हणून प्रांताच्या टीमने घेतलं नाही, मग वडिलांनीच झेंगझोउमध्ये घडवली, हे मी हरून रडत आले की तुम्ही सांगायचात. तिच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं लाँग पिंपल म्हणून माझ्या बॅटला पण तेच रबर (मला ते कधी झेपलं नाही, जाऊ दे). बार्सिलोना ऑलिम्पिकला सिंगल्स-डबल्स दोन्ही गोल्ड, अटलांटाला परत दोन्ही, आणि तिथल्या सिंगल्स फायनलला समोरच्या चेन जिंगने दोन गेम खेचून बरोबरी केल्यावर पाचवा 21-5! तो स्कोअर सांगताना तुमचा आवाज अजून चढतो.

पण तुमची गोष्ट तिथेच संपायची. मला पुढची जास्त आवडते. 1997 ला मँचेस्टरला परत वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच वर्षी खेळणं सोडलं, वय 24. त्सिंगहुआ युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकायला गेली तेव्हा एबीसीडी पण धड लिहिता येत नव्हती. मग नॉटिंगहॅमला मास्टर्स, केंब्रिजला पीएचडी, सोबत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या (आयओसी) ॲथलिट्स कमिशनवर काम, आणि 2008 ला बीजिंगच्या ऑलिम्पिक व्हिलेजची उपप्रमुख. म्हणजे खेळाडूंचं राहणं, जेवण, सोयी. आम्हाला त्या नॅशनलला शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवलं होतं आणि सकाळी साडेसातला मॅच, आठवतं? "बॅट हातात न धरलेली माणसं असोसिएशन चालवतात" हे तुमचंच वाक्य आहे, मी फक्त ते सिरियसली घेतलं.

हो, तिला सगळंच जमलं नाही. नंतर पीपल्स डेली या चीनच्या सरकारी पेपरच्या सर्च इंजिनची प्रमुख झाली, ते चाललं नाही, लोकांनी वाट्टेल ते ऐकवलं. तुम्ही शोधून काढणारच, म्हणून मीच सांगून टाकते. आणि तिच्या पाठीशी अख्खी सरकारी यंत्रणा होती, माझ्या पाठीशी एज्युकेशन लोन, हेही कळतं मला. चौतिसाव्या वर्षी हे काय, असं मामी म्हणेल. म्हणू दे.

आई, तुझी काळजी वेगळी आहे ना, नीट खाईल का, थंडी सोसेल का? तिकडे भाकरीचं पीठ सुद्धा मिळतं गं, आणि खोलीत हीटर आहे. मॅचच्या आधी तू हातावर खडीसाखर ठेवायचीस, ती मात्र डबी भरून दे, तेवढी बॅगेत मावते. दिवाळीला नाही येता येणार. हे लिहायचं टाळत होते.

आता ऐका. स्वयंपाकाच्या बाईंचे पैसे महिन्याच्या महिन्याला माझ्याकडून जातील, "आम्ही दोघंच, कशाला बाई" हे चालणार नाही. आईच्या गुडघ्याची तारीख दादा सांभाळेल, त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि क्लबात मुलांना शिकवायला जा पण मल्टिबॉलला एकामागून एक चेंडू स्वतः टाकत बसू नका, कुणाला तरी सांगा. माळ्यावरची माझी जुनी बॅट कुणा पोरीला द्यायची असेल तर खुशाल द्या, रबर तेवढं बदलून.

रविवारी फोन करते. स्पीकरवर ठेवा, नाहीतर बाबा आईला एक शब्द बोलू देत नाहीत.

तुमची,
धाकटी